कॅप्टनच्या थोरल्या बहिणीचे मृत्युपत्र

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा मोटरसायकल दुरुस्ती, राहणार गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत, हे माझे शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तितकेसे नाही, तसे डॉक्टरांनी कागदावर दिले आहे आणि तो कागद सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझ्याकडे येतात ते क्लच घसरतो म्हणून येतात.

याआधी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात धाकट्या बहिणीला मी काहीच ठेवले नव्हते. वकील म्हणाले होते, "ताई, कारण लिहिलं नाहीत तर ती कोर्टात जाईल." ती जाणार नाही. ती मोठ्या मनाची आहे. हेच तर माझे दुखणे आहे.

कलम १. गॅरेजची जागा, बाहेरची पाटी आणि पाटीवरचे वडिलांचे नाव हे सर्व मी स्पोकवालीला देते. ती बावीस वर्षे माझ्याबरोबर काम करते आहे. चाक वाकडे आहे की नाही हे ती स्पोक वाजवून कानाने ओळखते, म्हणून तिला हे नाव पडले. तिचे आणि माझे कधी जमले नाही आणि कधी बिघडलेही नाही.

वडिलांचा उजवा हात चेनमध्ये सापडला तेव्हा मी सतरा वर्षांची होते, धाकटी नऊची. त्या दिवसापासून वडील स्टुलावर बसून सांगत आणि मी करी. धाकटी दुरुस्त झालेल्या गाडीवर चढून बसे, तोंडाने इंजिनाचा आवाज काढी आणि वडील डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. मी पहिल्यांदा अख्खे इंजिन उघडून एकटीने परत बसवले आणि ते एका किकमध्ये सुरू झाले, तेव्हा वडील म्हणाले, "ठीक." ते वाईट माणूस नव्हते. त्यांचे हसणे एका मुलीवर खर्च होत होते, इतकेच.

कलम २. सर्व हत्यारेही स्पोकवालीला. अट एकच. शेजारच्या टायरवाल्याला मोठा पाना उसना देऊ नये. तो माझा चाळीस वर्षांचा मित्र आहे, या कागदावर साक्षीदार आहे आणि हे वाक्य वाचून तो तोंड वाकडे करील. करू दे.

कलम ३. वरच्या दोन खोल्या, भांडी, कपाटे आणि घड्याळे मी माझ्या भाचीला, म्हणजे धाकटीच्या मुलीला देते. घड्याळे माझ्या नवऱ्याची. तो घड्याळे दुरुस्त करायचा, अकरा वर्षांपूर्वी गेला. फार शांत माणूस. नवरा माझा होता, पण हसायचा तो धाकटीच्या विनोदांना. ती येणार असली की दाढी करायचा. यात वावगे काही नव्हते, ते मला तेव्हाही ठाऊक होते आणि आजही आहे. तरीही ती यायच्या आधी त्याचा वस्तरा लपवावा असे मला दोनदा वाटले, आणि एकदा मी तो लपवलाही.

भाचीला खोल्या देण्याचे कारण असे की तिचे हात माझ्यासारखे आहेत. आखूड बोटे, रुंद नखे. तिच्या आईचे हात लांब आणि देखणे. एवढ्या एका बाबतीत माझे पारडे जड झाले.

कलम ४. हिरवी मोटरसायकल मी धाकट्या बहिणीला देते. कागदोपत्री ती माझी आहे. भंगारातून आणलेल्या सांगाड्यावर मी ती चार वर्षे जुळवली, रंगही स्वतः दिला. पण गेली वीस वर्षे गावात तिला "कॅप्टनची गाडी" म्हणतात. धाकटी दवाखान्यातून लांबच्या घरांना औषधे पोचवते. एकदा दाट धुक्यात तीस दुचाकीवाल्यांना तिने आपल्या मागच्या दिव्यामागे घाटातून खाली आणले, तेव्हापासून ती कॅप्टन झाली. त्या गाडीचा मागचा दिवा त्याच सकाळी मी बदलला होता. हे कोणी विचारले नाही, मी सांगितले नाही.

मी स्वतः गाडी चालवते ती फक्त कोपऱ्यापर्यंत आणि परत, ब्रेक तपासायला. आयुष्यात त्यापुढे गेले नाही.

कलम ५. आता ढकलमोर्च्याविषयी.

आठ वर्षांपूर्वी दुचाकीवाल्यांवरचा अधिभार तिसऱ्यांदा वाढला. आधी तो रस्त्यांसाठी होता, मग आवाजासाठी झाला, मग जुन्या गाडीसाठी वेगळा. वर्तमानपत्र टाकणारे, नळ दुरुस्त करणारे, घरोघर जाणाऱ्या परिचारिका, सगळ्यांचे पोट दोन चाकांवर. ते सगळे माझ्या गॅरेजात जमू लागले, कारण इथे बाकडी होती आणि गाडी दाखवायला यायचेच होते. त्यांनी संघ काढला आणि अध्यक्ष कोण, हे विचारायचीही गरज कोणाला वाटली नाही.

एका दुपारी धाकटी बाकावर बसून शेंगदाणे खात होती. अधिभाराचा हुकूम मी कारब्युरेटर पुसता पुसता वाचत होते. त्यात लिहिले होते की इंजिन चालू असलेली दुचाकी रस्त्यावर आणणाऱ्या प्रत्येकाने अधिभार भरावा.

मी म्हणाले, "मग इंजिन बंद ठेवून ढकलत नेली तर?"

तिचे चावणे थांबले. "ताई, पुन्हा म्हण."

"सगळ्यांनी ढकलत न्यायची. मुख्य रस्त्याने, कामाच्या वेळेला. कायदा कुठे मोडतो?"

ती उठून उभी राहिली आणि माझ्या काळ्या हातांसकट मला तिने मिठी मारली. त्याच संध्याकाळच्या सभेत ती खुर्चीवर चढली आणि म्हणाली, "माझ्या डोक्यात एक कल्पना आली आहे."

माझ्या डोक्यात. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मला वाटले, शेवटी तरी ती माझे नाव घेईल. टाळ्या संपल्या, लोक बाकडी उचलू लागले, तरी मी बसून होते.

चारशे गाड्या निघाल्या. इंजिन एकाचेही चालू नाही. फक्त टायरांची घरघर, चेनची कुरकुर आणि माणसांचे श्वास. मागे बस आणि मोटारी लांबवर तुंबलेल्या. पोलीस हातात हुकूम धरून एकमेकांची तोंडे बघत होते. मोर्चा गॅरेजसमोर आला तेव्हा हिरवी गाडी ढकलत सगळ्यांत पुढे असलेली धाकटी ओरडली, "ताई, ये ना!"

मी म्हणाले, "इंजिन उघडून ठेवलंय." एकही इंजिन उघडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला, "कॅप्टनची शक्कल". धाकटी अंक घेऊन धावत आली. "ताई, बघ, आपला फोटो!" फोटोत ती होती. कोपऱ्यात गॅरेजचे दार होते आणि दारात माझे कोपर होते.

कलम ६. हे कलम संघाच्या सभेत मोठ्याने वाचावे. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी वकिलांना नेमते आणि हे काम त्यांच्यावर सोपवते.

मोर्च्यानंतर संघाने ठरवले की वाढ मागे घेईपर्यंत अधिभार कोणीही भरायचा नाही. कोणाचे मन डळमळू नये म्हणून सर्वांनी आपापली परवाना पुस्तिका माझ्या लोखंडी कपाटात आणून ठेवली, कारण पुस्तिकेशिवाय खिडकीवर भरणा घेत नाहीत. किल्ली माझ्याकडे दिली. "ताईंकडे असली म्हणजे झालं," असे सगळे म्हणाले.

अधिभार कार्यालयाने संघ फोडायला युक्ती काढली. जो कोणी भरेल त्याचे नाव दुसऱ्या दिवशी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावू लागले. नऊ दिवस भिंत कोरी होती.

दहाव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मी कपाट उघडले, धाकटीची पुस्तिका काढली, कार्यालयात गेले आणि तिच्या नावाने अधिभार भरला. खिडकीवरच्या बाईने विचारले, "कॅप्टन भरताहेत?" मी म्हणाले, "हो." परत येताना मला खूप हलके वाटत होते, ताप उतरल्यावर वाटते तसे. हे लिहिताना लाज वाटते, पण हलके वाटले होते हे खरे आहे.

सकाळी भिंतीवर एकच नाव होते. दुपारपर्यंत अकरा जणांनी येऊन पुस्तिका परत मागितल्या आणि भरणा केला. धाकटीचा जुना सोबती नळवाला तिच्यासमोर जमिनीवर थुंकला. कोणीतरी खिळ्याने हिरव्या गाडीच्या टाकीवर "फितूर" असे कोरले. ती अक्षरे नंतर मीच घासून काढली. दोन दिवस लागले. "फ" फार खोल गेला होता.

संध्याकाळी सभा भरली. "विकली गेली! कॅप्टन विकली गेली!" असा आरडाओरडा चालला होता. धाकटी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. किल्ली माझ्या एकटीकडेच होती आणि ते तिला कळायला वेळ लागला नसणार. मी खाली बघितले नाही. मला वाटले, आता बोलेल, आता माझे नाव घेईल.

तिने घेतले. म्हणाली, "माझ्या ताईने भरला. मला तुरुंगात टाकतील म्हणून ती घाबरली. आईच्या माघारी तिनेच मला वाढवलंय. तिला काही बोलायचं नाही. बोलायचं ते मला बोला."

मग एक परिचारिका रडत माझ्याकडे आली आणि तिने माझे हात हातात घेतले. माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. आयुष्यात पहिल्यांदा भरसभेत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या, आणि त्याही धाकटीने मिळवून दिल्या. माझ्या दुष्टपणावरसुद्धा तिने आपल्या चांगुलपणाचे झाकण घातले. अंगाची नुसती आग झाली.

त्या सभेनंतर संघ फुटला नाही, उलट घट्ट झाला. पाच आठवड्यांनी वाढ रद्द झाली, आणि पुढे संघाच्या प्रतिनिधीला विचारल्याशिवाय अधिभार वाढवायचा नाही असे ठरले. प्रतिनिधी कोण, हे लिहायची गरज नाही.

तर संघाच्या सभासदांनो, ऐका. मी घाबरले नव्हते. काळजीपोटी भरला नव्हता. माझी बहीण तुमच्या नजरेतून उतरावी म्हणून भरला होता. ते अकरा जण माझ्यामुळे फुटले आणि तिच्यासमोर थुंकल्याच्या शरमेने नळवाला वर्षभर तिच्याशी बोलला नाही, तेही माझ्यामुळे. परिचारिकेने धरलेले हात त्या पात्रतेचे नव्हते.

कलम ७. बँकेत शिल्लक असेल ती संघाला द्यावी. तिच्यातून अडल्यानडल्या दुचाकीवाल्याची गाडी दुरुस्त व्हावी. कोणत्याही बाकड्यावर माझे नाव घालू नये. मुख्य म्हणजे "कॅप्टनची ताई" असे घालू नये.

पुरवणी. वरील मजकूर संपवून मी पाणी प्यायला उठले होते, तेवढ्यात धाकटी गोळ्या घेऊन जिन्याने वर आली. मी परत येईपर्यंत हेल्मेट काखेत धरून तिने उभ्या उभ्या सगळे वाचले होते. पुढे जे झाले तेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी दुसरे सांगायला नको.

ती म्हणाली, "सहावं कलम काढ."

"खरं आहे ते."

"मला माहीत आहे. खिडकीवरच्या बाईने त्याच दुपारी फोन केला होता. म्हणाली, तुमच्या ताई येऊन गेल्या, आणि सही करताना हसत होत्या."

मी हसत होते हे मला माहीत नव्हते. मी खुर्चीवर बसले.

"मग सभेत खोटं का बोललीस?"

"खरं सांगितलं असतं तर त्यांनी त्याच संध्याकाळी गॅरेज फोडलं असतं." तिने हेल्मेट टेबलावर ठेवले. "आणि तू असं का केलंस ते सांगायचं तर मोर्चा तुझा होता हेही सांगावं लागलं असतं. ते माझ्याने झालं नाही, ताई. खुर्चीवर चढले तेव्हा तुझंच नाव घेणार होते. पण सगळे माझ्याकडे बघत होते. मला ते फार आवडलं."

ती एकसष्ट वर्षांची आहे. नऊ वर्षांच्या मुलीसारखे तोंड करून उभी होती.

"आठ वर्षं झाली," ती म्हणाली. "वाट बघतेय तू कधी भांडशील म्हणून. भांडलीही नाहीस."

"तूही नाही."

मग ती म्हणाली, "आपण असं करू. मी पुढच्या सभेत सांगते की कल्पना ताईची होती. सगळ्यांसमोर, खुर्चीवर चढून. तू हे कलम फाड. लोकांच्या मनात तू चांगली राहा."

पाच वर्षांपूर्वी मी हे कबूल केले असते. आजही क्षणभर हात कागदाकडे गेला, तेही लिहून ठेवते. पण मग डोळ्यांसमोर आले की ती खुर्चीवर चढेल, सुंदर बोलेल, लोक रडतील, आणि घरी जाताना म्हणतील, कॅप्टनचं मन किती मोठं.

मी म्हणाले, "मोर्च्याचं काय सांगायचं ते तुझं तू बघ. पण हे पाप माझं आहे. यावर तरी तुझं नाव नको. हे एक माझ्या नावावर राहू दे."

ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली आणि माझ्या गुडघ्यावर डोके टेकून बराच वेळ तशीच राहिली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला नाही. हात टेबलावर होता आणि हाताखाली हा कागद होता, तो ती ओढून घेईल अशी मला भीती होती. नंतर फिरवला.

कलम सहा जसेच्या तसे ठेवले आहे.

साक्षीदार आले तेव्हा धाकटी म्हणाली, "मी पण सही करते." ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार व्हायचे नसते, असे वकिलांनी बजावले होते. ती म्हणाली, "मग गाडी नको मला, पेन दे." मी दिले नाही.

हे मृत्युपत्र मी वाचले, मला समजले, ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे. प्रत्येक पानावर सही केली आहे.

स्थळ: गॅरेजच्या वरची पुढची खोली
दिनांक: नऊ ऑक्टोबर, गुरुवार, दुपारी चार

(सही) मृत्युपत्र करणारी

आमच्यासमोर त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:

१. (सही) शेजारचा टायरवाला. कलम दोन मला मान्य नाही, पण सही केली आहे.

२. (सही) समोरच्या दवाखान्यातील परिचारिका. त्या सभेत हात मीच धरले होते. आज सही करण्याआधी पुन्हा धरले.