छाती परतवाड्याला आहे

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज भर दुपारी या घरातून माझा खाकी कागद नाहीसा झाला. साधा कागद नव्हे. गुढीपाडव्याला आलेल्या पार्सलाचा, दोरी अलगद सोडवून काढलेला, तेव्हापासून गादीखाली दाबून सरळ केलेला. माझ्या शब्दकोशाच्या वस्त्रप्रावरणासाठी राखून ठेवला होता. बातमीदाराच्याच घरी चोरी, आणि छापायला जागा नाही. सौ.ला विचारलं. ती करंजीचं सारण भाजत होती. "कागदच होता ना? सोन्याची पाटली गेल्यासारखं काहून करून राहिले?"

या अमरावती नगरीत कागदाचं दुःख कोणाला कळत नाही.

संशयित एकच. मुक्ता काल अकोल्याहून दिवाळीला आली. आयुर्वेदाचं पहिलं वर्ष, हॉस्टेलवर राहते. लेकच आहे, म्हणून फिर्याद तूर्त मागे.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

मुद्देमाल सापडला. मु.च्या पुस्तकाच्या अंगावर. कव्हर असं सुबक घातलेलं की आरोपीचं कौतुकच वाटलं. कोपरे दुमडायची रीत माझी. म्हणून पुस्तक हातात घेतलं. शारीराचं, म्हणजे शरीररचनेचं. फार सडपातळ लागलं. उघडलं, तर पहिलं पान वाक्याच्या मध्येच सुरू होतं.

"हे काय?"
"डोकं आणि मान."
"आणि बाकीचा मनुष्य?"
"हातपाय वैष्णवीकडे, अकोल्यात. छाती नि पोट समीक्षाकडे. ती परतवाड्याची."

तिघी रूममेट. सीनियर मुलीचं जुनं पुस्तक वर्गणी काढून घेतलं, बाइंडरकडे नेऊन त्याचे तीन तुकडे केले, वेगवेगळे शिवून घेतले. दर रविवारी अदलाबदल. सुट्टी लागली तेव्हा ज्या हातात जो अवयव होता तो त्या त्या गावाला गेला.

"तुमच्यासारखंच, पप्पा!" म्हणाली आणि हसली. मीही हसलो. सौ. हसली नाही. तिचं लक्ष तेलाकडे असावं.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहाटे अभ्यंग. सुगंधी उटणं यंदा अंमळ खरखरीत; तक्रार नोंदवली, फेटाळली गेली.

दुपारी मु.च्या मोबाइलवर कॉलेजचा निरोप. सुट्टी संपल्यावरच्या बुधवारी टर्मिनल परीक्षा. विषय शारीर. भाग: छाती.

आमच्याकडे डोकं.

पोरीचा चेहरा एवढासा झाला. मागच्या टर्मिनलला याच विषयात काठावर राहिली होती, हे आज कळलं. या वेळी घसरली तर वार्षिक परीक्षेला बसू देतील की नाही, शंका. समीक्षाला फोन. ती भली पोर, एकेका पानाचा फोटो पाठवते आहे. प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात तिचा अंगठा. मु. म्हणते, "हृदयाचा खालचा भाग अंगठ्याखाली गेला, पप्पा." दोन बोटांनी चित्र मोठं करते, डोळे बारीक करते. संध्याकाळी डोळ्यांवर ओला रुमाल घालून पडली होती.

"नवीन घेऊन टाकू का?" मी.
"नको नको. होतं ना बरोबर."

लगेच म्हणाली. विचार करायला लागतो तेवढाही वेळ घेतला नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

आमच्याकडे पूजेत वह्यापुस्तकं ठेवतात. तिजोरी नसल्यामुळे पडलेली प्रथा. मु.नं डोकं-मान आणून ठेवलं. सौ. म्हणाली, "अर्धवट वस्तू पूजेत ठेवू नये." मी म्हटलं, मग माझा शब्दकोश इतकी वर्षं कसा चालतो?

माझा शब्दकोशही अर्धाच. बी.ए.ला संस्कृत घेणारे आम्ही दोघे. मी भातकुलीच्या कास्तकाराचा मुलगा, दादाराव मजुराच्या घरचा. त्याच्या वस्तीला आणि माझ्या गावाला सारखाच प्रश्न: हे शिकून करतो काय? दोघांत एक कोश घेतला, मधोमध कापला. 'अ' ते 'न' मी, 'प' ते 'ह' दादाराव. मला 'प्रेम' बघायचं असलं की अंबागेटाजवळ त्याच्या खोलीवर जावं लागे. 'धन' माझ्याकडे होतं, 'अर्थ'ही माझ्याकडे. दोन्हींनी आमच्या घरात पाय ठेवला नाही, एवढंच. एखादा शब्द नडला की दादाराव रस्त्यातूनच ओरडायचा, "शास्त्री, 'क' काढ बे!" लोक वळून बघत.

ही गोष्ट मु.नं लहानपणापासून इतक्यांदा ऐकली आहे की आज ती मी सांगायच्या आधी तिनंच सांगून टाकली. माझ्यापेक्षा चांगली सांगते. रस्त्यातल्या ओरडण्याची तर चक्क नक्कल करते. दिवे लावले. छान वाटत होतं. काय दिवस होते ते, खरंच. भूक, चालणं आणि…

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल भाऊबीज झाली, आज अवयवांची देवघेव. समीक्षाचे वडील कामासाठी अमरावतीला येणार होते, छाती घेऊन येतो म्हणाले. एसटी स्टँडवर भेटलो. परतवाड्याला शेअर जीप चालवतात. उंच माणूस, कापडी पिशवी पोटाशी धरलेली. मी डोकं दिलं, त्यांनी छाती-पोट दिलं. शेजारची बाई आमचं बोलणं ऐकून दोन पावलं लांब सरकली.

चहा घेतला. ते म्हणाले, "भाऊ, तुमाले एक सांगू का? पोरीनं ॲडमिशन घेतली तवा मले पुस्तकाचीच धाकधूक होती. मंग तिनंच फोन केला. बाबा, नवीन घ्याचं कामच नाही, मुक्ताच्या पप्पानं कॉलेजात असंच केलं होतं म्हणे, एक पुस्तक कापून दोघांत. थे एवढे शिकले, पेपरात लिहितात. मले लय बरं वाटलं. तुमच्या गोष्टीनं माही लाज राखली."

मी म्हटलं, समीक्षाचं वाचून झालं का छातीचं?

"झालं म्हणते."

मग कपाकडे बघत म्हणाले, "झालं असंल."

२५ ऑक्टोबर, शनिवार

मु. सकाळपासून छाती घेऊन बसली आहे. फासळ्या मोठ्यानं म्हणते, मी शेजारच्या खोलीत बातमी लिहितो. भातकुलीच्या पाणीपुरवठ्याची बातमी, त्यात एक फासळी शिरली. वेळीच खोडली.

दुपारी राजापेठेत गेलो. दुकानात तेच पुस्तक, नवं, अखंड, प्लॅस्टिकमध्ये. वजन हातात घेऊन पाहिलं. पेपरकडून गेल्या काही महिन्यांचं येणं आहे, शिकवणीला उरलेली दोन मुलं आता ऑनलाइन शिकतात. तरी अशक्य नाही. सौ.शी बोलून झालं, ती म्हणाली घ्या. दुकानदाराला बाजूला ठेवा म्हटलं.

घरी येऊन मु.ला सांगितलं. तिनं पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. "पप्पा, कशाला? आमचं मस्त चाललंय. आणि मी एकटीनं नवं घेतलं तर त्या दोघींना कसं वाटेल?"

उत्तर बिनतोड. मीच असं वाढवलं. अभिमान वाटावा. वाटलाही, थोडा.

पण ती चप्पल घालून दूध आणायला गेली तेव्हा सौ. हळूच म्हणाली, "दिवाळीचा ड्रेस दाखवला तरी नको म्हणाली. चष्म्याचा नंबर वाढला, तेही मैत्रिणीकडून कळलं मले."

२६ ऑक्टोबर, रविवार, अकोला

मु.ला सोडायला आलो. बसमध्ये तिनं खिडकी मला दिली. मूर्तिजापूर येईपर्यंत छाती वाचत होती, मग माझ्या खांद्यावर झोपली. लहान असताना झोपायची तशी, तोंड किंचित उघडं.

हॉस्टेलच्या फाटकाशी पायाला हात लावला. "पप्पा, काळजी नका करू. मले काही नको."

तिथून दादारावकडे. रिटायर होऊन अकोल्यातच राहिला आहे. त्याच्या कपाटात 'प' ते 'ह' अजून. मी खाकी कागदापासून सगळं सांगितलं. तो खो खो हसला. अंगठ्याखालच्या हृदयावर तर डोळे पुसले. मग म्हणाला,

"शास्त्री, तू पोरीले गोष्ट सांगतं थे ठीक. सगळी सांगतं काय?"
"म्हणजे?"
"तुह्या बापाच्या चपलेची?"
"नाही."
"मंग अर्धीच सांगतं. तुह्याजवळ सगळं अर्धंच राह्यते लेका."

वहिनींनी चहा आणला, विषय बदलला. मी निघताना दादारावनं त्याचा अर्धा कोश काढून पुढे केला. "ने. पोरीले दोन्ही देजो." घेतला नाही. का घेतला नाही, आता बसमध्ये लिहिताना…

२८ ऑक्टोबर, मंगळवार

उद्या तिची परीक्षा.

खाकी कागद परत मिळाला. समीक्षाला डोकं पाठवायच्या आधी मु.नं कव्हर उतरवून, घडी करून माझ्या टेबलावर ठेवलं होतं, आज सापडलं. चार घड्या पडल्या आहेत. काही तक्रार नाही.

चपलेचं लिहून ठेवतो. कोश अर्धा घेतला त्याच्या आधी मी बाबांकडे पूर्ण मागितला होता. बाबा "पाहू" म्हणाले. त्यांची चप्पल टाचेला पार झिजली होती, त्या हंगामात नवी घ्यायची ठरली होती. दुसऱ्या दिवशी ते मोच्याकडून जुनीलाच तळ लावून आले आणि म्हणाले, "किती लागतील म्हणत होता तू?" मी म्हटलं, नको बाबा, दादाराव आणि मी मिळून घेतो, मस्त होईल. तेव्हापासून मी त्यांच्याजवळ काही मागितलं नाही. ना पुस्तक, ना लग्नात, ना त्यांच्या शेवटच्या आजारात नुसतं बोलणं. सवय गेली. त्यांनाही ते कळलं असणार. मी हसून सांगितल्यावर तेही हसले होते.

दुकानदाराचा फोन आला, पुस्तक ठेवू की काढू? दोन दिवस थांबा म्हटलं.

संध्याकाळी मु.चा फोन. छाती झाली, फासळ्या पाठ. "पप्पा, तुमी का गप्प?" काही नाही म्हटलं. मग म्हटलं, तुला काही हवं का गं? "काही नको, पप्पा." तोच आवाज. हसरा, झटकन. तो आवाज मी ओळखतो.

परीक्षेचं मला भय नाही. होईल पास. पैशाचंही नाही, कुठून तरी जमतात. ती माझ्याजवळ मागेनाशी झाली आहे, एवढंच भय वाटतं.