डावीकडचा फेर

दोल्नो ब्रेझे,
ईस्टरनंतरचा मंगळवार, २२ एप्रिल २०२५

नेवेना,

आजीचा आशीर्वाद. घ्यायचा असला तर घे, नाहीतर राहू दे.

मी बरी आहे. गुडघे होते तसेच आहेत. शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, दोन्ही बोकड. पावाची गाडी आता आठवड्यातून एकदाच येते, शुक्रवारी, त्यामुळे गुरुवारी सगळं गाव दगड चावतं. सगळं गाव म्हणजे अकरा माणसं. तुझा जर्मनीतला पत्ता तुझ्या आईकडून घेतला. तुला सहा वर्षांची टाकून ती स्पेनला गेली, त्यानंतर आम्ही पहिल्यांदा बोललो. दोनच वाक्यं बोललो, त्यातलं एक पत्त्याचं. अक्षर लागलं नाही तर जोर लावून वाच, चार यत्ता शिकलेल्या हाताला एवढंच येतं.

टीव्हीवरची नाचाची स्पर्धा परत सुरू झाली आहे. रविवारी संध्याकाळी आठला. मी एकही चुकवत नाही. यंदा एक नटी आहे, ती खांदे असे धरते जसा कुणी पाठीत बर्फ टाकलाय. एक पैलवान आहे, तो बरा. अंगानं जड, पण पाऊल जमिनीला विचारून ठेवतो. परीक्षकांना ते दिसत नाही. ते नटीचे दात बघतात.

आवाज मात्र मी बंद ठेवते. दुखवट्याच्या घरात गाणं वाजत नाही हे तुला सांगायला नको. शेजारची पेंका म्हणते, "वेलिका, नाच डोळ्यांनी बघतेसच, मग कानांनी काय घोडं मारलंय?"

"तू आवाज पूर्ण लावूनही निम्मंच ऐकतेस," मी म्हटलं. "मला शिकवू नकोस."

पण खरं सांगते, गाणं बंद केलं की नाच नीट दिसतो. गाणं लोकांच्या चुका झाकतं. गाणं काढलं की नुसते पाय उरतात.

गेल्या वर्षीही मी असंच बघत होते. तू होतीस त्यात.

आता ते लिहिते. तुझा बाप, माझा स्तोइल, फेब्रुवारीत गेला. त्याला पुरून नवव्या दिवशी रविवार आला आणि तू टीव्हीवर नाचलीस. मग चाळीसाव्या दिवशी त्याच्या नावानं वाटायच्या उकडलेल्या गव्हाचं ताट घेऊन तू दारात आलीस आणि मी फाटकाची कडी आतून लावली. काय बोलले ते तुझ्या लक्षात असेलच, माझ्या तर आहे. "बापाच्या मातीला नऊ दिवस झाले नव्हते आणि तू देशाला मांड्या दाखवत होतीस. ते ताट ने परत, तुझ्या परीक्षकांना खायला घाल."

तू रडली नाहीस. तू एवढंच विचारलंस, "पण आजी, तू पाहिलंस का?"

मी म्हटलं, "मी असलं काही बघत नाही."

ताट फाटकाच्या खांबावर ठेवून तू गेलीस. गहू चिमण्यांनी खाल्ला.

पुढच्या रविवारी मी टीव्ही लावला, आवाज बंद, आणि पडदाभर तुझा फोटो आला. नुसता फोटो, काळ्या कडांचा. निवेदक मान खाली घालून काहीतरी बोलत होता. आपल्याकडे असला फोटो कधी लावतात तुला माहीत आहे. स्तोइलचा अजून फाटकावर चिकटवलेला होता, पावसानं नाक पुसलेला. मला वाटलं, आता शेजारी तुझा. आवाजाचं बटण हातात होतं, दाबायचं सुचलंच नाही. तशीच चपलेशिवाय पेंकाकडे गेले.

"मेली का?" मी विचारलं.

"कोण मेली? स्पर्धा सोडली म्हणते. घरात दुखवटा आहे, नाचणार नाही म्हणते. तुला हवं होतं तसं झालं की."

तू जिवंत आहेस म्हणून मी तिच्या पायरीवर बसले. आणि मग, पोरी, मला बरं वाटलं. तू जिवंत आहेस म्हणून नव्हे, तू थांबलीस म्हणून. ते बरं वाटणं मी घरी घेऊन आले आणि त्याच्यासोबत झोपले.

मी तुझा नवव्या दिवसाचा नाच पाहिला होता. पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत. तू उजवीकडून सुरुवात केलीस आणि मध्येच डावीकडे वळलीस. परीक्षकांनी दिशा चुकली म्हणून गुण कापले, असं पेंकानं सांगितलं. ती माणसं शहरातली. डावीकडचा फेर कुणासाठी धरतात हे त्यांच्या आज्यांनी त्यांना सांगितलं नाही. मी तुला सांगितलं होतं, तू नऊ वर्षांची असताना, चौकात. मेलेल्यासाठी फेर उलटा जातो, आणि दुखवट्यात बसलेल्याला कुणीतरी हाताला धरून त्यात ओढून घेतं, तेव्हा त्याच्या डोक्यावरचा काळा रुमाल सुटतो, दुखवटा संपतो. तू डावीकडे वळलीस, तिसरं पाऊल बापासारखं मुद्दाम उशिरा टाकलंस, आणि मग डावा हात बाजूला लांब केलास. उताणा. शेजारी कुणीच नव्हतं. हात तसाच धरून तू अर्धा फेर घेतलास.

तो कुणासाठी होता हे मला कळलं होतं.

मी स्वतःला सांगितलं, वर्ष सरायच्या आत असं ओढत नसतात. आणि जी स्वतः दुखवट्यात आहे ती दुसऱ्याला ओढू शकत नाही. नियम आहे. तो नियम मी छातीशी धरला, कारण दुसरी गोष्ट मला धरवत नव्हती. ती ही. मी सव्वीस वर्षांची असताना तुझे आजोबा गेले. तोपर्यंत फेराच्या टोकाला, सगळ्यांना पुढे नेणारी, मीच असायची, तीन गावांत. वर्ष सरलं, चौकात फेर उभा राहिला, आणि माझा हात कुणी धरायच्या आत सासूनं मला घरात नेलं. म्हणाली, विधवेला काय घाई. मी परत नाचले नाही. आणि तू नऊ दिवससुद्धा थांबली नाहीस. मला ते सोसलं नाही.

आता शेवटचं. हे सांगायलाच पेन घेतलं, आणि बोकडांपासून सुरुवात केली.

तुझा बाप दवाखान्यात शुद्धीवर होता. त्यानं मला सांगितलं, "आई, पोरीला माझ्यामागे थांबवू नकोस. तिला सांग, नाच. ती थांबलीच तर तू स्वतः तिला हाताला धरून ओढ." मी हो म्हटलं. त्याचा हात हातात घेऊन हो म्हटलं. तू फाटकापाशी उभी होतीस तेव्हा हे माझ्या तोंडात होतं, आणि मी ते गिळलं.

परवा ईस्टरला आम्ही चौकात गेलो. वर्ष सरलं होतं, माझा रुमाल सुटायला हवा होता. गावातली अकराही माणसं आली. पेंकाचा भाऊ गेला, देच्कोची बायको गेली, बाकीच्यांचंही कुणी ना कुणी. पाद्री तीन गावं उरकायची म्हणून केव्हाच निघून गेला होता. आम्ही एकमेकांकडे बघत उभे राहिलो. सगळेच काळ्यात. ओढणार कोण?

"मी ओढते तुला," पेंका म्हणाली.

"आधी स्वतःचं डोकं बघ, कुठल्या रंगाचं आहे ते."

देच्को म्हणाला, "वेलिका, तू सारखी टीव्हीसमोर बसतेस. तिथूनच कुणीतरी हात बाहेर काढेल तुझ्यासाठी."

सगळे हसले. मी घरी आले.

तुझी आई म्हणाली, तू हॉटेलात चादरी धुतेस, गुडघा सुजतो, आणि नाचाचं नाव काढलं की फोन ठेवतेस. तू चोवीस वर्षांची आहेस. स्पर्धेत चोविसाव्याला जे थांबले ते परत आलेले मी पाहिले नाहीत, आणि मी सगळ्या पाहिल्या आहेत. म्हणून ये म्हणत नाही, माफ कर म्हणत नाही. बापाचा निरोप चौदा महिने उशिरा पोचवते. तो म्हणाला होता, नाच. आता तो निरोप तुझ्या काय कामाचा.

रविवारी आठला मी टीव्ही लावीन. आवाज बंदच असेल.

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर: हो, पाहिलं. हात आला होता. मी घेतला नाही.

तुझी आजी,
वेलिका