करी रोडचा पूल आणि उजवा कौल

लालबाग, सोमवार

तीर्थस्वरूप धोंडूकाकांना लवूचा वाकून नमस्कार. (नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून, कारण सायकलवरून उतरल्यावरही माझी पाठ बराच वेळ हँडलच्या दिशेनेच असते. सायकलचं काय ते पुढे येतंच आहे, घाई करू नका.)

तुमची तब्येत कशी आहे? गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, गावाला येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवतो. कानाचं मशीन तुम्ही डबीत घालून देव्हाऱ्यात ठेवलंय असं कळलं. काका, ते पुजायचं नसतं, कानात घालायचं असतं. पण सध्या असू दे तिथेच. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही फोनवर ओरडता, आणि काल सकाळी तुम्ही ओरडलात म्हणूनच आज हे पत्र लिहायची वेळ आली. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही फक्त बोलता. तेव्हा चष्मा लावा आणि ओट्यावर बसा, पत्र मोठं आहे.

तर काका, मी सायकल चालवतो. तुमचा पुतण्या, वय वर्षं एक्कावन्न, लालबाग-परळच्या भर रहदारीत, डोक्याला हेल्मेट लावून सायकल चालवतो. तुम्ही म्हणाल, त्यात काय, गावात पोस्टमनसुद्धा चालवतो. पण पोस्टमनच्या मागे डबलडेकर बस लागत नाही. आणि दुसरं म्हणजे, मला येतच नव्हती. आमच्या चाळीतली सगळी पोरं नाक्यावरच्या दुकानातून तासावर सायकल आणायची, तेव्हा मी सगळ्यांच्या चपला सांभाळत उभा असायचो. त्या कामात मी इतका पटाईत झालो की मला सायकल शिकवायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. पुढे मिशा फुटल्या, लग्न झालं, आणि मिशा फुटलेल्या माणसाला सायकल येते का, असं कोणी विचारत नाही. येत असणार, असं सगळेच धरून चालतात. अनुजानेही तेच धरलं होतं.

आता या वयात ही अवदसा कशी आठवली ते सांगतो. आमचा रविवार तुम्हाला माहीत आहे. सकाळी पिशवी घेऊन मी आणि अनुजा मासळी आणायला जायचो. मासे मी घ्यायचो (कल्ला उघडून बघायचा, बोटाने दाबायचं, तोंड वाकडं करायचं, आणि कोळीण चिडली की भाव सांगायचा), पण खरी गोष्ट मासे नव्हतीच. आठवडाभर ती तिच्या बँकेत, मी गिरगावच्या ऑफिसात, चिरंजीव राजस त्याच्या मोबाइलमध्ये. आम्हा दोघांचं जे काही बोलणं व्हायचं ते त्या जाण्यायेण्यात. मग गेल्या वर्षी तिच्या बँकेतल्या प्रितीने तिला एका सायकल ग्रुपात ओढलं. अनुजा लहानपणी माटुंग्याच्या कॉलनीत सायकल चालवायची म्हणे. (लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे पहिल्यांदाच कळलं.) झालं, दर रविवारी बाईसाहेब पहाटे वरळी कोळीवाड्याला, आणि येताना होडीतून उतरलेले ताजे बोंबील घेऊन हजर! तेही माझ्यापेक्षा स्वस्त. काका, मी पिशवी धुऊन खुंटीला अडकवून ठेवली. वरवर हसलो, पण सांगतो, रविवारी सकाळी घरात एकट्याने चहा पिताना मला फार वाईट वाटायचं. मासे गेले तर गेले, मला माझी बायको परत हवी होती.

म्हणून सायकल. ग्रुपचा म्होरक्या विनीत नावाचा तरुण आहे, तोही माटुंग्याचाच. त्याला गुपचूप गाठलं. त्याने मला मैदानात तोल शिकवला. पडलो, उठलो, एकदा क्रिकेट खेळणाऱ्यांच्या स्टंपात घुसलो आणि आउट दिला गेलो, ते सगळं सांगत बसत नाही. एक मात्र सांगायला हवं. सायकलची एक पँट असते, तिला बुडाशी जाड गादी शिवलेली असते. ती धुऊन गॅलरीत वाळत घातली तर शेजारच्या राधाबाईंनी अनुजाला बाजूला घेऊन, डॉक्टर काय म्हणतात, असं हळू आवाजात विचारलं. संध्याकाळपर्यंत मजल्यावरच्या तीन घरांतून माझ्यासाठी पेज आली. पेज मी प्यायलो. अनुजाला खरं सांगावं लागलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. मग एखाद्या रविवारी चला की बरोबर, एवढंच म्हणाली.

इथे खरी भानगड सुरू होते. मैदान वेगळं, रस्ता वेगळा. मैदानात मागून कोणी येत नाही. रस्त्यावर सगळं जग मागून येतं. बसचा तो फुसकारा मानेवर आला की मी हँडल आवळून डोळेच मिटून घ्यायचो, टॅक्सीचा दरवाजा उघडायच्या आधीच मी ब्रेक मारून दोन्ही पाय टेकवायचो, आणि गटाराच्या झाकणांचं तर नावच काढू नका. पण मी हटलो नाही. डाव्या कडेने, कठड्याला चिकटून, रोज पहाटे थोडं थोडं पुढे जात राहिलो आणि महिन्याभरात भीती बरीचशी गेली. बरीचशी म्हणजे डावीकडची सगळी गेली.

कारण काका, आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने चालतात. डावीकडे वळायचं तर नुसतं कडेकडेने वळायचं, कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. उजवीकडे वळायचं म्हणजे कठडा सोडा, रस्त्याच्या मधोमध या, उजवा हात बाहेर काढा आणि मागे वळून बघा. माझा हात निघाला की तोल जायचा, मागे बघितलं की धीर जायचा. म्हणून मी एक पद्धत बसवली. फक्त डावीकडे वळायचं. लालबागहून निघायचं, डावीकडे करी रोडचा पूल, पूल उतरला की पुन्हा डावीकडे, मग डावीकडे चिंचपोकळीचा पूल, पुन्हा डावीकडे, की आलं घर. चार वळणांत माणूस सुखरूप जागेवर. हा शोध मला इतका आवडला की मी राजसला चित्र काढून दाखवलं. तो म्हणाला, बाबा, तुम्ही कुठेच जात नाही आहात. आजकालच्या मुलांना कौतुक म्हणून नाही.

पण पोरगं खरं बोललं होतं. पूल उतरला की डावीकडे माझं घर आणि उजवीकडे वरळी. (माणसाने डावं-उजवं करू नये असं लहानपणापासून ऐकत आलो, पण करी रोडच्या नाक्यावर ते केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.) पहिल्या रविवारी ग्रुपबरोबर निघालो, पूल उतरलो, सगळे उजवीकडे वळले आणि मी डावीकडे. सांगितलं की टायरमधली हवा गेली. दुसऱ्या रविवारी पोटात कळ आली. तिसऱ्या रविवारी मला काहीच सुचेना, तेव्हा नुसताच टाटा केला. अनुजाने आणलेले बोंबील ओट्यावर ठेवताना जरा आपटलेच. विनीतने सांगितलं, लवूकाका, येत्या रविवारी नाही जमलं तर तुम्हाला नवशिक्यांच्या बॅचमध्ये टाकतो, ती शनिवारी असते. म्हणजे रविवार कायमचा गेला. त्या आठवड्यात माझं जेवणात लक्ष नव्हतं.

आणि मग कालचा रविवार. पूल चढलो, अनुजा पुढे, मी मागे, बाकीचे पार पुढे गेलेले. उतार लागला. खाली नाका दिसायला लागला आणि माझी सायकल सवयीने आपोआप डावीकडे झुकायला लागली. अनुजा नाक्यावर सायकलवरून उतरून कडेला उभी होती. माझ्यासाठी थांबली होती बिचारी. तिच्याकडे बघितलं आणि आता हिच्या समोरून कसा डावीकडे जाऊ, असं झालं. तेवढ्यात हँडलवरचा फोन वाजला. (राजसने तो तिथे बसवून दिलाय आणि फोन आला की तो आपला आपणच उचलतो, आवाजही बाहेरच्या जगाला ऐकू जाईल असा मोठा.) आणि अख्ख्या करी रोड नाक्यावर तुमचा आवाज घुमला, "रे लवू! उजवो! उजवो! आयकलंस मां? देवान उजवो दिल्यान!"

काका, मी वळलो. विचार केला नाही, मागे बघितलं की नाही तेही आठवत नाही, पण उजवा हात बाहेर निघाला, सरळ, झेंड्याच्या काठीसारखा, आणि मी रस्त्याच्या मधून उजवीकडे वळलो. मागचा टेम्पोवाला थांबला. एक बस थांबली. वाहतूक पोलिसाने हात वर केला तो सवयीने असेल, पण मला सलामी वाटली. तुम्ही तिकडून अजून ओरडतच होतात, "उजवो, उजवो!", आणि मी वळण पूर्ण होईपर्यंत मोठ्याने "होय काका, होय काका" म्हणत होतो. लोअर परळच्या दिशेला लागल्यावर मला उमगलं की तुम्ही रवळनाथाच्या देवळातून बोलताय. आपल्या घराची कौलं काढून पत्रे घालायचे का, हे तुम्ही देवाला विचारणार होतात आणि देवाने होकार दिला, एवढंच तुम्हाला सांगायचं होतं. कौलांबद्दलचा कौल, आणि वळलो मी! विनीतला हे समजावताना माझी पुरेवाट झाली. देवाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न करायचा, उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार, असं सगळं सांगितलं. सगळं ऐकून तो म्हणाला, म्हणजे काका, तुमच्या गावात डावीकडे जायला बंदीच की. मी म्हटलं, तसंच समज.

कोळीवाड्यात होड्यांपाशी अनुजाने आणि मी टपरीवरचा चहा प्यायला. मासे मी घेतले. (कल्ला उघडून, बोटाने दाबून.) येताना ती माझ्या बाजूबाजूने चालवत होती आणि बोलत होती. बँकेतलं, राजसचं, तिच्या आईच्या डोळ्यांचं, किती साठलं होतं. मी हं, हं करत होतो आणि समोर बघत होतो, कारण बोलता बोलता सायकल चालवणं मला अजून जमत नाही. पण काका, फार बरं वाटलं. आता तुमचा पुतण्या रस्त्याला घाबरत नाही. मुंबईत मला आता कुठेही पाठवा, मी जाऊन येईन.

काकींच्या तसबिरीला माझा नमस्कार सांगा. शेजारच्या घरातल्या सगळ्यांना आठवण. पावसाआधी एकदा येऊन जातो.

तुमचा,
लवू

ता. क. : पत्र्यांचं काम लगेच सुरू करू नका. तो कौल देवाने कौलांसाठी दिला की वळणासाठी, हे नक्की कळायला मार्ग नाही. पुन्हा एकदा विचारून घ्या. उगाच माझ्यामुळे तुमचं छप्पर गळायला नको.

ता. क. दुसरा : मुंबईत कुठेही पाठवा असं वर लिहिलंय, ते घाईत लिहिलंय. आज पहाटे एकटाच प्रयोग करून बघितला. पूल उतरलो, फोन वाजला नाही, आणि मी डावीकडे वळून घरी आलो. विनीतने येत्या रविवारी गिरगाव चौपाटी ठरवली आहे आणि त्या वाटेवर उजवी वळणं बरीच आहेत. तेव्हा काका, पत्र लिहिण्याचं खरं कारण हे की तुमच्या शेजारच्या मुलाच्या फोनमध्ये एकदा अगदी तसंच, तेवढ्याच जोरात, "रे लवू! उजवो! उजवो!" असं ओरडून त्याला मला पाठवायला सांगा. मी नाक्यानाक्यावर लावीन. कानात मशीन घालून बोलू नका, आवाज खाली येईल.

काका, नमस्कार करते. पत्रातलं हे शेवटचं अक्षर अनुजाचं आहे. हे तिकिटं आणायला खाली गेलेत आणि पत्र टेबलावर उघडंच आहे, म्हणून लिहिते. काल मी ह्यांच्यासाठी थांबले नव्हते. त्या नाक्यावर मी दर रविवारी उतरते, सायकल हातात धरून रस्ता चालत ओलांडते आणि पलीकडे जाऊन पुन्हा बसते. ग्रुपला सांगितलंय की गुडघा दुखतो. माटुंग्याच्या कॉलनीत सायकल चालवायचे ते खरं, पण ती कॉलनीच्या आत, तिथे कुठली आलीय बस. काल हे माझ्या समोरून हात काढून वळले ना काका, मी रस्ता ओलांडायचं विसरून बघतच राहिले. ह्यांना वाटतं मी कशालाच घाबरत नाही. तेवढं एक त्यांना वाटू दे, मला ते आवडतं. पण येत्या रविवारी हे म्हणतायत, तू पुढे हो, मी मागून येतो. म्हणजे मी उतरून चालले तर ह्यांना दिसणारच. तेव्हा ह्यांना पाठवाल ते मलाही पाठवा. फक्त "रे लवू"च्या जागी "गो अनुजा" म्हणा.