विहीर त्याची, जो नदी उतरेल

मी, अहलाई, रऊबेन कुळातल्या अजाजची एकुलती एक मुलगी आणि दिवंगत योएलची बायको, राहणार मेदबाचे पठार, मोठ्या विहिरीजवळ, हे मृत्युपत्र कमावलेल्या चामड्यावर लेवी कुळातल्या लेखनिक मूशीकडून लिहून घेत आहे. मला श्वास पुरत नाही, पायांना सूज आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नाही असं ज्यांचं मत आहे ती मंडळी सध्या मेंढवाड्यात बसून त्यावर चर्चा करत आहेत. त्यांचं एकमत होईपर्यंत थांबले तर काही न लिहिताच जाईन, म्हणून आजच उरकते. कोणी मला धमकावलेलं नाही. धमकवायचं तरी आधी ठरवावं लागतं.

कलम पहिले. माझ्या नावावर मोठी विहीर, तिच्या भोवतीचं कुरण, दगडी मेंढवाडा आणि कानाला माझी खूण असलेल्या सगळ्या मेंढ्या आहेत. बापाला मुलगा नव्हता, म्हणून रिवाजाप्रमाणे हे मला मिळालं, आणि जमीन कुळाबाहेर जाऊ नये म्हणून रिवाजाप्रमाणेच माझं लग्न चुलतभावाशी लागलं. योएल भला माणूस होता. आम्हाला मूल झालं नाही. माझ्यामागे सगळं त्याच्या धाकट्या भावाला, म्हणजे नमुएलला, जाणार असं पठारावर सगळे धरून चालतात. नमुएलने तर कुंपण कुठून कुठे घालायचं तेही मनाशी ठरवलं आहे. आयुष्यात त्याने लवकर ठरवलेली ही एकच गोष्ट.

कलम दुसरे. आता माझा हक्क किती पक्का आहे ते सांगते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. आमच्या आजोबा-पणजोबांना हे गवत आवडलं. बाकीची कुळं यार्देन नदी ओलांडून पलीकडे गेली, आमच्या लोकांनी मात्र हीच कुरणं मागून घेतली. ती मिळाली एका अटीवर: भावंडांवर वेळ आली की हत्यार घेऊन आम्हीही नदी ओलांडायची. ही अट इथे पोरासोरांना पाठ आहे. म्हणजे जमीन आमची आहे, पण शब्द पाळू तोवर.

कलम तिसरे. तो शब्द एकदा मोडला आहे. मी लग्न होऊन नुकती आले होते. पलीकडे शत्रू राजाचे लोखंडी रथ नफताली आणि जबुलून या आमच्या भाऊकुळांच्या गावांवर सुटले होते आणि डोंगरातून निरोप आला, सगळ्यांनी या. मी जवाच्या भाकऱ्या भाजल्या, मनुका आणि सुकवलेल्या दह्याचे गोळे बांधले. योएलने तलवारीला धार लावली. पण मोठी मंडळी मेंढवाड्यात बसली आणि नमुएल, तेव्हा मिशी नुकती फुटलेली, बोलायला उभा राहिला. त्याची जीभ गोड आहे, हे मी मान्य करते. मेंढ्या कोण बघणार, पुढे कोण चालणार, लूट कशी वाटायची, प्रत्येक मुद्द्याला दुसरा मुद्दा. भाकऱ्यांना बुरशी आली. त्या कुत्र्यांना घातल्या आणि नव्या भाजल्या. त्यांनाही बुरशी आली.

मी योएलला म्हटलं, “तुम्ही एकटे जा की.”

तो म्हणाला, “मोठ्यांचं ठरू दे, मग निघतो.”

शेवटी ठरलं. जायचं असंच ठरलं. तोवर यार्देनला पूर आला होता आणि पायी ओलांडायचा उतार बंद झाला होता. लढाई आमच्यावाचून जिंकली गेली, आमच्यावाचून माणसं मेली. तेव्हापासून लोकर विकायला कुठेही गेलं की पलीकडची माणसं तोंड वर करून विचारतात, “काय, झाली का चर्चा?” मला तेव्हा लाज वाटली, आजही वाटते. योएलचा फार राग आला होता. तो गेल्यावर त्या रागाचं काय करायचं ते कळलं नाही, म्हणून तो अजून माझ्याजवळच आहे. तो मी कोणाच्या नावे करत नाही.

कलम चौथे. नमुएलला त्याची उजव्या पायातली वहाण परत द्यावी. ती माझ्या पेटीत तळाशी आहे. योएल वारला तेव्हा रिवाजाप्रमाणे धाकट्या दिराने मला घरात घेऊन भावाचं नाव चालवायचं होतं. भावजी म्हणाले, “वहिनी, विचार करून सांगतो.” माझे केस पांढरे व्हायला लागले तरी विचार चालूच. मग जबाबदारी टाळणाऱ्या दिराची करतात तशी मीच वेशीत पंचांसमोर त्याची वहाण काढून घेतली आणि रीतीप्रमाणे त्याच्यासमोर थुंकले. त्याच्या घराला लोक अजून वहाण काढलेल्याचं घर म्हणतात, ते मला पुरेसं आहे. वहाण जुनी असली तरी चामडं उत्तम आहे.

कलम पाचवे. पलीकडे पुन्हा रथ उतरले आहेत. नफतालीचा गूनी नावाचा माणूस निरोप घेऊन आला आहे. मेंढवाड्यात त्याला बसायला चांगली लोकर दिली, दूध दिलं, उत्तर दिलं नाही. काल तो माझ्या दारात आला. डोळे सुजलेले.

“मावशी, एकच सांगा. तुमची माणसं येणार की नाही?”

“तुझं घरी कोण आहे?”

“बायको आहे, लेकरं आहेत. डोंगरात गुहेत लपवून आलोय. नाही म्हणाले तरी चालेल, मी परत जाईन. पण ‘बघू’ म्हणतात. त्या ‘बघू’वर मला निघताही येईना.”

मी नमुएलला बोलावून घेतलं. तो आला, पाय धुतले, बसला.

“वहिनी, घाई करून कसं चालेल? सगळ्या बाजूंनी विचार करायला हवा.”

“भावजी, बाजू दोनच आहेत. नदीच्या अलीकडची आणि पलीकडची.”

“तुम्हाला बायकांना सगळं सोपं वाटतं.”

“भाकऱ्या भाजायला सोप्या नसतात. यंदा भाजणार नाही.”

कलम सहावे. सबब, ज्या अटीवर जमीन मिळाली ती अट मोडलेली असताना मी ती कोणाला सुखाने देऊ शकत नाही. विहीर, कुरण, मेंढवाडा आणि मेंढ्या माझ्या कुळातल्या त्या माणसाला मिळाव्या, जो या हाकेला ओ देऊन हत्यारासह यार्देन ओलांडेल आणि लढाई संपेपर्यंत परतणार नाही. एकाहून जास्त जण गेले तर सारखी वाटणी. नमुएल गेला तर त्यालाही. माझं त्याच्याशी वैर आहे, पण ते नदीच्या या काठावरचं आहे.

नदीला पूर येण्याआधी कोणीच गेलं नाही, तर सगळं नफताली कुळाला जावं. त्यांनी इथे मेंढ्या चाराव्या, आमच्या विहिरीचं पाणी प्यावं आणि आमच्या माणसांना पाणी देण्याआधी त्यावर निवांत चर्चा करावी. हे कलम वाचून दाखवलं तेव्हा मेंढवाड्यात जन्मात पहिल्यांदा शांतता झाली, असं मूशी सांगतो.

कलम सातवे. सही मी इथे करणार नाही. उद्या पहाटे माझे दोन मेंढपाळ मला गाढवावर घालून उताराकडे नेतील. हे मृत्युपत्र पलीकडच्या काठावर पुरं होईल. साक्षीदारांपैकी एक तरी रऊबेन कुळातला लागतो, तेव्हा ज्याला साक्ष द्यायची असेल त्याने तिथे यावं. मूशीने शंका काढली, ज्याला मिळणार त्यानेच साक्ष द्यायची का? मी म्हटलं, त्याने नदी उतरल्याची साक्ष द्यायची आहे, माझ्या शहाणपणाची नाही. कोणीच आलं नाही तर साक्षीची जागा कोरी राहील आणि मग मूशीने ते गूनीकडे द्यावं.

मला पुरायचं तेही तिथेच. योएलशेजारी नको. ज्याला माझ्यासाठी रडायचं असेल त्याने पाण्यात पाय घालावा.

येथून पुढचा मजकूर दुसऱ्या दिवशी लिहिला आहे.

पाणी गाढवाच्या पोटाला लागत होतं. मी घाबरले नाही असं नाही, पण मागे पाहिलं नाही. काठावर चढल्यावर बसले, आणि मला इतकं बरं वाटलं की थोडी रडले. इथली माती आमच्यासारखीच आहे. दुपार कलेपर्यंत समोरच्या काठावर कोणी नव्हतं. गूनी म्हणाला, “मावशी, ऊन फार झालंय, सावलीत चला.” मी म्हटलं, इथेच बरी आहे, दिसतं. मग समोर धूळ दिसली.

ठिकाण: यार्देन नदी, पश्चिम काठ.
दिवस: आबीब महिना, जव पिकला आहे, उतार अजून चालू आहे.

अहलाईची निशाणी: विहिरीचा गोल. गोल वाकडा आला आहे. तो तिचाच आहे.

साक्षीदार पहिला: गूनी, नफताली कुळ.

साक्षीदार दुसरा: नमुएल, रऊबेन कुळ. छातीपर्यंत ओला, भाल्यासह. निशाणी करताना म्हणाला, “वहिनी, आता आलोच आहोत तर पुढे कुठल्या वाटेने जायचं यावर जरा बसून...” वहिनी म्हणाल्या, “चालता चालता बोला, भावजी.” त्याप्रमाणे तो निघाला आहे.

त्याच्यामागून उतरलेल्या माणसांचीही साक्ष घ्यायची होती, पण त्यांची नावं लिहायला चामडं पुरलं नाही.

लिहिणार, मूशी, लेवी.