गाडीवर घातलेली शपथ

॥ श्री भद्रा मारुती प्रसन्न ॥

छत्रपती संभाजीनगर
२३ सप्टेंबर २०२५, नवरात्राची दुसरी माळ

ती. भागूआक्का यांच्या सेवेशी,
भावजय सुलेखाचा शि. सा. न. वि. वि.

आमच्या घरात या चार दिवसांत आलेल्या वस्तू अशा: मोटरसायकल एक, जुनी, एक लाख पाच हजार. हेल्मेट एक, साडेतीन हजार. हातमोजे, नऊशे. गुडघ्यापर्यंतचे बूट, किंमत मला सांगितलेली नाही, म्हणजे जास्तच असणार. मी आणलेलं ते नारळ, लिंबं आणि हार, मिळून एकशे तीस. एवढ्यावरून तुम्ही ओळखलं असेल. तुमच्या बंधूंनी गाडी घेतली. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमच्या सूनबाईला, रूपाला, मध्ये घालून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून पत्र.

साधी गाडी असती तर मी कागद खर्चला नसता. ही डोंगरदऱ्यांत हिंडायची गाडी. अकरा वर्षांची. पुण्याच्या कुणा हौशी माणसाने हिमालयापर्यंत पळवून टाकून दिलेली. शहागंजातल्या नवाबभाईंनी ती इंजिनापासून उघडून पुन्हा बांधली. पुढचं चाक मागच्याहून मोठं, पुढे पाखरासारखी चोच, आणि उंची एवढी की यांचे पाय टेकता टेकत नाहीत. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून यांना पाय वर टाकता येत नाही, म्हणून गाडी ओट्याला लावतात आणि ओट्यावरून चढतात. समोरच्या मोनिकाने परवा विचारलं की काका, वरात कोणत्या गावाला न्यायची?

आणि दिवस कोणता निवडला, तर पितृपक्षातला शनिवार. शनिवारी मी घरात लोखंड येऊ देत नाही, तेल विकत आणत नाही. यांनी दोन्ही एकाच वेळी आणलं. मी फाटक उघडलं नाही. घट बसेपर्यंत गाडी बाहेर निंबाखाली उभी होती आणि तुमचे बंधू खिडकीत. मग मीच ओवाळून आत घेतली. आता रोज सकाळी ती चोक ओढल्याशिवाय उठत नाही, उठली की देव्हाऱ्यातली घंटा थरथरते, आणि माझ्या रांगोळीच्या जागेवर तेलाचा थेंब पडलेला असतो. तिची साखळी पुसायला माझी अबोली साडी फाडली. ती अजून दोन वर्षं गेली असती.

कशाला घेतली विचारलं तर म्हणतात, रस्ते खराब झालेत. घर ते क्रांती चौक, यापलीकडे यांना जायचं असतं कुठे? मोबाईलवर लडाखचे व्हिडिओ बघतात, ते मी पाहिलंय. बिडकीनच्या रस्त्यावर आम्ही स्कूटरवरून पडलो तेव्हापासून मी दुचाकीवर बसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. लग्न असो, दवाखाना असो, हे स्कूटरवर पुढे आणि मी रिक्षाने मागून. आता हे डोंगरात निघाले तर मी रिक्षा कुठवर नेऊ?

माझं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. लहानपणी विहिरीत उतरू नको म्हणून तुम्ही गळ्याची शपथ घातली आणि ती सोडवायची विसरून सासरी गेलात. दिवाळीला माहेरी येऊन तुम्ही सुटली म्हणेपर्यंत हे पाण्याला शिवले नाहीत, असं स्वतःच सांगतात. तशीच एक शपथ पत्रातून घाला. गाडी चालवायची नाही, एवढंच. विकायचं मी बघते.

तुमची कंबर कशी आहे? मोडलेलं हाड सावकाश धरतं, घाई करू नका. पण दिवाळीला यायचं मनात ठेवा. माया आहे तशी राहू द्या.

आपली
सुलेखा


मु. करंजदरी, ता. कन्नड
२७ सप्टेंबर

चि. सौ. सुलेखा हिला भागूबाईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं, पण भिजून. ओढ्यावरचा पूल ह्या पावसात वाहून गेला. एसटी फाट्यावरूनच माघारी फिरती. पोस्टमन थैली डोक्यावर घेऊन कमरेइतक्या पाण्यातून येतो आणि पुढं दगडाची चढण चालत चढतो. तरणा हाय म्हणून जमतं.

आप्पाचं वाचून आधी लई हसले. लहान होता तवा बैलाच्या पाठीवर चढायचा आणि उतरता येत नाय म्हणून मला हाका मारायचा. आई गेल्यावर त्याला खाली उतरवायचं काम माझ्याच वाट्याला आलं, ते अजून संपलं नाय म्हण. तुझी अबोली साडी मी बघितली होती, चांगली होती.

आता पुढचं त्याला वाचून दाखव. आप्पा, तुला माझ्या गळ्याची शपथ हाय. मी सुटली म्हणेपर्यंत त्या गाडीवर बसायचं नाय.

माझी कंबर अजून धरत नाय. खाटंवरून उठवायला रूपा लागती. दिवाळीला येणं होणार नाय, वाट बघू नका. लग्न झाल्यापासून एक भाऊबीज चुकली नव्हती, ही चुकंल. भाऊ नसलेल्या बाया चंद्राला ओवाळतात, तसं मी खाटंवरून ओवाळीन. तू मनाला लावून घेऊ नको. लेकीबाळींना आशीर्वाद सांग.

तुझी
भागूआक्का


॥ श्री भद्रा मारुती प्रसन्न ॥

छत्रपती संभाजीनगर
५ ऑक्टोबर

ती. भागूआक्का यांस,
सुलेखाचा शि. सा. न. वि. वि.

परवा आलेल्या वस्तू: लोखंडी जाळी एक, पाय ठेवायची पट्टी एक. पैसे आधीच दिलेले, मला न सांगता. या दोन वस्तूंनी माझी झोप घालवली, म्हणून लिहायला बसले.

तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. शपथेच्या ओळीला थोडी घुटमळले, पण वाचली. यांनी पत्र मागून घेतलं, स्वतः पुन्हा वाचलं, आणि खिशातली किल्ली काढून घटापुढे ठेवली. वाद नाही, कुरकुर नाही. दसऱ्याला गाडीची पूजा केली, झेंडूची माळ घातली आणि वर गोधडी टाकून दिली, आजारी माणसाला घालतात तशी. मला वाटलं, जिंकले.

परवा नवाबभाई जाळी घेऊन दारात आले. मी म्हटलं, भाई, आता कशाला, गाडी विकायची आहे. ते जाळी हातात धरून तसेच उभे राहिले. म्हणाले की साहेबांनी पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, घरची बाई साडीत बसणार, पदर चाकात जाता कामा नये, आणि तिला चढायला पट्टी खाली लावा. मी म्हटलं, मी बसत नाही हे साहेबांना ठाऊक आहे. तर म्हणाले, भाभी, ते पण बोलले होते. तरी लावा म्हणाले.

मग त्यांना चहा दिला आणि सगळं विचारून घेतलं. तुम्ही पडल्याचा निरोप आला तेव्हा, गणपती उठल्यावर, हे मला बिडकीनला मित्राकडे जातो सांगून निघाले होते. मित्राकडे नाही, तुमच्याकडे निघाले होते, आक्का. एसटीने फाट्यावर उतरवलं. त्या गुडघ्यावर ओढ्यापर्यंत चालत गेले. पूल नव्हता आणि पाणी दोन्ही काठ भरून होतं. समोर चढणीवर तुमचं घर दिसत होतं, दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसत होत्या. हाका मारल्या. तुम्हाला कुठून ऐकू येणार? दिवस कलेपर्यंत तिथेच उभे राहिले आणि माघारी आले. आले ते घरी नाही, सरळ नवाबभाईंच्या दुकानात. म्हणाले, पाण्यातून जाईल आणि दगडावर चढेल अशी गाडी द्या, कितीही जुनी चालेल, पण भाऊबीजेच्या आत.

मला रस्ते खराब झालेत म्हणाले ते खोटं नव्हतं. कोणते रस्ते, ते मी विचारलं नाही. बहिणीच्या दारावरून परत फिरलो, हे यांच्या तोंडून निघेना.

मी संध्याकाळी यांना म्हटलं की शपथ मीच मागून घेतली होती, चूक माझी आहे, माझ्या जबाबदारीवर किल्ली उचला. तर म्हणाले, "शपथ आक्काच्या गळ्याची आहे. सुटायची तर तिच्याच शब्दानं सुटेल." आणि जेवायला बसले.

आक्का, तुमची भाऊबीज मी माझ्या हाताने अडवून ठेवली. शपथ सोडवा. बाकी रागवायचं ते भेटीत रागवा.

आपली
सुलेखा


मु. करंजदरी
९ ऑक्टोबर

चि. सौ. सुलेखा हिला भागूबाईचे आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि तसंच उशाशी ठेवलं. रूपानं विचारलं काय झालं, तर तिला पण सांगितलं नाय. त्या दिवशी गोधड्या वाळत घातल्या होत्या, हे मला ध्यानात हाय. मी आत भिंतीकडं तोंड करून पडले होते. दार उघडं होतं.

पण शपथ सुटत नाय. आधी गाडीसाठी घातली होती, आता पाण्यासाठी राहू दे. माझ्या पायी त्यानं ओढ्यात गाडी घालायची आणि काय वाईटवंगाळ झालं म्हणजे मी जन्मभर चंद्रालाच ओवाळू व्हय? त्याला म्हणावं घरी बस, लाडू खा.

वरचं लिहून पाकीट चिकटवलं होतं. रात्रभर डोळा लागला नाय, सकाळी परत फोडून पुढचं लिहिते.

आप्पा एकटा असला म्हणजे पाणी दिसलं की उतरतोच. म्हणून तर विहिरीची शपथ घालावी लागली. पण मागं तू असलीस तर थांबंल. काठी घालून खोली बघंल. नाय जमलं तर माघारी फिरंल, आणि त्याची लाज पण वाटणार नाय त्याला. बिडकीनच्या रस्त्यावर तू पडलीस, तवा दवाखान्यातून तो माझ्याकडं आला होता. रडत होता. म्हणाला, आक्का, आता ती कधी माझ्या मागं बसायची नाय. मी म्हटलं बसंल, राग गेला की बसंल. त्याला किती वर्षं झाली बघ, आणि तू अजून रिक्षातच.

तवा ऐक. तू त्याच्या मागं बसून येणार असशील तर शपथ सुटली. तू रिक्षात आणि तो गाडीवर, असं असंल तर नाय सुटली. जोर नाय तुझ्यावर. जमत नसंल तर तसं लिही, मी वाईट मानणार नाय.

तुझी
भागूआक्का


॥ श्री भद्रा मारुती प्रसन्न ॥

छत्रपती संभाजीनगर
१३ ऑक्टोबर

ती. भागूआक्का यांस,
सुलेखाचा शि. सा. न. वि. वि.

आलेल्या वस्तू: हेल्मेट एक, बायकी, चौदाशे. मोनिकाने घासाघीस करून शंभर कमी करून घेतले. पंजाबी ड्रेस एक, माझ्याच दोन जुन्या साड्यांचा, फक्त शिलाई पडली. नवाबभाई म्हणाले की दगडाच्या वाटेवर एका बाजूला पाय टाकून बसणं धोक्याचं, म्हणून जन्मात पहिल्यांदा शिवला. शिंप्याने माप घेताना विचारलं की मुलीचा का, मी हो म्हटलं. म्हणजे साडीसाठी लावलेली जाळी वायाच. तिला आता फराळाचा डबा बांधणार आहे.

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं, बिडकीनचं ते सोडून. ते मी एकटीने वाचलं, दोनदा. आक्का, राग नव्हता हो तो. भीती होती. पण यांना तो राग वाटला आणि मी कधी सांगितलं नाही.

शपथेमुळे हे चालवू शकत नाहीत, म्हणून काल नवाबभाईंना बोलावलं. मी ओट्यावरून त्यांच्या मागे चढले, मारुतीचं नाव घेतलं आणि क्रांती चौकापर्यंत जाऊन आले. गल्लीतलं कोण कोण बाहेर आलं होतं ते लिहीत नाही. पहिल्या गतिरोधकाला मी नवाबभाईंचा शर्ट मागून असा धरला की ते म्हणाले, भाभी, खांदा धरा, कॉलर सोडा, श्वास घ्यायचा आहे. पुलावर डोळे उघडले. उंचावरून रस्ता लांबवर दिसतो, हे मला माहीत नव्हतं.

तुमचे बंधू रिक्षाने आमच्या मागून येत होते. घरी पोचल्यावर रिक्षावाल्याने मागितले तेवढे देऊन टाकले, एक शब्द न बोलता; मी बघत होते. मग माझं हेल्मेट काढायला आले. म्हणाले, मागून बघायला फार भीती वाटते गं. मी म्हटलं, इतकी वर्षं मी तेच बघत आले. मी चहा ठेवला.

तर मी मागे बसणार. भाऊबीजेला पहाटे निघू. ओढ्यापाशी गाडी थांबवून आधी काठी घालू. पाणी गुडघ्यावर असेल तर मी पाण्यात उतरणार नाही आणि यांनाही उतरू देणार नाही, काठावरून ओवाळून घ्या म्हणेन. पण कमी असेल तर तुमच्या दारात येऊ. चंद्राचं ताट मांडू नका. पाट मांडा.

आता राहिलं तुमचं काम. 'तू बसणार असशील तर' अशी सुटलेली शपथ यांना चालत नाही. म्हणतात, अट आहे तोवर शपथ आहे. म्हणून सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलंय. त्यात दोनच शब्द लिहा, तुमच्या हाताने, आणि खाली पाणी किती आहे ते पोस्टमनला विचारून लिहा. पोस्टमन आमच्याकडे दुपारी येतो. तुमचे बंधू आजपासूनच हेल्मेट मांडीवर घेऊन ओट्यावर बसायला लागलेत. मी आत बोलावलं तर म्हणतात, इथे सावली आहे.

माया आहेच, ती पोचली. शब्द तेवढे उलट टपाली पाठवा.

आपली
सुलेखा