नानांची वेताची खुर्ची

प्रिय मंदाकाकू,

तुमच्या घरची वेताची खुर्ची आज दुपारपासून आमच्या हॉलमध्ये आहे. तिच्यावर बसवत नाही आणि तिच्याकडे बघवतही नाही. म्हणून खाली सतरंजीवर बसून तुम्हाला लिहितोय. नाटकातलं काही बिनसलं की आजवर तुम्हालाच सांगत आलो, आता आणखी कुणाला सांगू?

गारखेड्यातल्या आमच्या हौशी नाट्यमंडळाची प्रॉपर्टी तुम्ही सांभाळायचात. सांभाळायचात कसलं, घरच उचलून आणायचात! कंदील तुमचा, पितळी तांब्या तुमचा, सासूबाईंची काठीसुद्धा. आणि ही खुर्ची तर तुमच्या यजमानांची, नानांची. प्रयोग आला की ती रिक्षातून निघायची आणि नाना दुखऱ्या गुडघ्यांनी चार-चार दिवस जमिनीवर बसून पेपर वाचायचे. एकदा मी ओशाळून विचारलं, तर म्हणालात, "त्यांना सवय हाय. तू तालीम कर."

खुलताबादचा प्रयोग आठवतो? दुसऱ्या अंकात रागाच्या भरात, ठरलेलं नसताना, मी खुर्ची लाथाडली. तिचा एक हात निखळला आणि मला टाळी पडली. अंक संपवून खुशीत आत आलो, तर तुम्ही सुतळीनं तो हात बांधत होतात. चकार शब्द बोलला नाहीत. का नाही बोललात, काकू? एकदा तरी झापायचं मला. त्यानंतर प्रत्येक प्रयोगात मी तिला लाथ मारली आणि तुम्ही प्रत्येक वेळी नवी सुतळी आणलीत.

प्रयोगानंतर माईकवर सगळ्यांची नावं मीच घ्यायचो. शेवटी म्हणायचो, 'आणि इतर'. त्या इतरांत तुम्ही. तेव्हा तुम्ही विंगेत चहाचे कप गोळा करत असायचात.

येत्या शनिवारी पुन्हा तेच नाटक आहे. आज तुमच्या तेराव्याला घरी आलो, तर तुमचा फोटो त्याच खुर्चीवर ठेवलेला, हार घातलेला. खरं सांगतो, मी हात जोडले आणि मनात आधी आलं, आता दुसऱ्या अंकाचं कसं करायचं? तुमच्यासमोर उभं राहून! स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

नानांनी माझी नजर ओळखली. "शनवारी लागंल ना?" म्हणाले.

मी नको म्हटलं, दुसरी बघतो म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलंच नाही. फोटो हारासकट उचलला आणि भिंतीला टेकून सावकाश खाली बसले.

"घेऊन जा. तवर हिला मी मांडीवर घेतो."

खुर्ची उचलून जिना उतरलो. दुसरं काय करणार होतो? तिथंच ठेवली असती, तर त्यांनी उठून पुन्हा माझ्या हातात दिली असती.

शनिवारी तुमचं नाव सगळ्यांत आधी घेईन. त्याचा आता तुम्हाला काय उपयोग, ते मलाही कळतं. पण खुर्चीला पाय लावणार नाही, टाळी गेली तर जाऊ दे. आणि रविवारी सकाळी मी स्वतः ती घरी आणून ठेवीन. तोवर तुम्ही दोघं जमिनीवर.

तुमचा,
दिलीप