मालाची यादी मालाजवळ

६ जानेवारी, सोमवार
पारमिताला रविवारी कडोलीच्या साहित्य संमेलनात कथा वाचायची आहे. बायको पहिल्यांदाच स्टेजवर! कथा घरच्या लॅपटॉपवर तयार आहे, फक्त प्रिंट काढायची. प्रिंटरचं सॉफ्टवेअर घातलं की झालं. किरकोळ काम. मी विंडोज नाही, लिनक्स वापरतो हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक आहे. मीच सांगितलंय.

७ जानेवारी
धक्कादायक प्रकार. प्रोग्राम सगळे ‘यूएसआर’ फोल्डरमध्ये आणि कुठले प्रोग्राम बसवलेत त्याची यादी ‘व्हार’ नावाच्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये! मच्छे गावच्या कारखान्यात इतकी वर्षं स्टोअर सांभाळतोय, मालाची यादी मालाजवळच असते. हा गबाळेपणा कुणी केला? प्रिंटर नंतर. आधी शिस्त.

८ जानेवारी
निपाणीला बुद्धप्रियला फोन केला. मेहुणा, त्यात इंजिनिअर. म्हणाला, दाजी, यादी हलवू नका, मशीन तिथंच बघतंय. याला स्टोअर काय कळणार!
तरी त्याचा मान ठेवला. मराठी फॉन्ट, मराठी कीबोर्ड यांच्या नोंदी ‘यूएसआर’मध्ये हलवल्या, कन्नडच्या ‘व्हार’मध्येच ठेवल्या. इंग्रजीच्या निम्म्या इकडं, निम्म्या तिकडं. सीमाभागात राहायचं तर कुणाला बोलायला जागा ठेवू नये.

१० जानेवारी
मशीन म्हणतं, इथं मराठी नाहीच! बेळगावात राहून हे आता मशीनकडूनही ऐकायचं? डोकंच फिरलं. त्यानं विचारलं, बिनकामाचं काढून टाकू का? रागात ‘हो’ दाबलं. स्क्रीन काळी.
पारमितानं विचारलं, प्रिंट झाली व्हय? म्हटलं, होत आलीय.

११ जानेवारी, शनिवार
डिस्क स्वच्छ पुसून लिनक्स नव्यानं घातलं. काय पळतंय! प्रिंटरही चालला. टेस्ट पेज झकास.
पारमिता म्हणाली, आता कथा काढा की.
कथा पुसलेल्यात गेली.
ती नुसती टेस्ट पेजकडं बघत बसली. फार वाईट वाटलं. पण बॅकअप ज्याचा त्यानं ठेवायचा असतो.

१२ जानेवारी, रविवार
कडोली. मंडप भरलेला, मला तिसऱ्या रांगेत खुर्ची. पारमिता रिकाम्या हातानं उभी राहिली. म्हटलं, पुसलेली कथा आठवून सांगणार.
पण कथा नवीच होती. कुणी एक स्टोअरकीपर, मशीनला शिस्त लावायला निघालेला. लोक हसून बेजार. मीही हसलो. शेजारच्या खुर्चीतले एक अण्णा म्हणाले, असला नवरा असतोय व्हय कुठं? म्हटलं, लेखिका वाढवून सांगतात हो.
टाळ्या थांबेनात. मग ती माइकवर म्हणाली, ते बघा, तिसऱ्या रांगेत बसलेत.
सगळ्यांनी माना वळवल्या. मीसुद्धा मागं वळून बघितलं.